काळ्या रेषेची नदी

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे जुन्या सवयीने नगर जिल्ह्याचा, सर्व्हे ऑफ इंडियाने छापलेला नकाशा उलगडला की निळा रंग फार थोडा दिसतो. पारनेर, पाथर्डी, जामखेड या भागांत तर ओढ्या-नाल्यांचे जाळे दाट आहे, पण ते बहुतेक काळ्या शाईत. या नकाशांची रीतच तशी आहे. वर्षभर पाणी धरणारा प्रवाह निळा आणि पावसाळा सरला की कोरडा पडणारा काळा. होडी घेऊन किंवा गळ टाकायला निघालेल्या माणसाला एवढी माहितीसुद्धा पुष्कळ झाली. काळ्या रेषेवर होडी न्यायची तर ऑगस्टमध्येच, आणि ऑगस्टमध्ये त्या ओढ्याला असा लोंढा येतो की तिथे नेऊ नये.

पण निळी रेषाही इथे सरळ बोलत नाही. प्रवरा नकाशात निळी आहे. ती मे महिन्यात दुथडी वाहताना दिसेल आणि डिसेंबरातल्या एखाद्या आठवड्यात तिच्यातून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येईल. पावसाशी याचा संबंध नाही, संबंध आहे आवर्तनाशी. शेतीसाठी धरणातून ठरावीक काळाने पाणी सोडतात ते आवर्तन. नगरच्या नद्यांचा सहलीसाठी उपयोगी नकाशा काढायचा तर नदी कुठून जाते याच्या आधी ती कधी वाहते हे टिपावे लागते. कोणत्या भिंतीने ती अडवली आहे आणि त्या भिंतीची दारे कोण उघडतो, हे त्याच्या पाठोपाठ.

आधी जिल्ह्याची ठेवण. हरिश्चंद्रगडापासून पारनेर आणि नगरकडे उतरत जाणारा डोंगरांचा कणा पाणी दोन बाजूंना वाटतो. उत्तरेकडचे प्रवरा आणि मुळेतून गोदावरीला जाते. दक्षिणेकडचे कुकडी, घोड आणि सीना यांच्यातून भीमेला. नगर शहर सीनेकाठी आहे, म्हणजे शहरातले पाणी पंढरपूरच्या नदीत जाते आणि तासाभराच्या अंतरावरच्या राहुरीचे पैठणच्या जायकवाडी धरणात. इथली मुळा पुण्याची मुळा नव्हे, हेही एकदा सांगून ठेवलेले बरे. इंटरनेटवर मुळा नदीची माहिती शोधणारे निम्मे लोक चुकीच्या खोऱ्यात उतरतात.

लागणारे तक्ते ४७ ई, ४७ आय, ४७ जे, ४७ एम आणि ४७ एन या गटांतले. अकोले तालुक्याचा बहुतेक भाग आणि भंडारदरा ४७ ई मध्ये, श्रीगोंदा ४७ जे मध्ये, शेवगाव ४७ एम मध्ये, जामखेड ४७ एन मध्ये. पन्नास हजारात एक या प्रमाणाचे नकाशे घ्यावेत. त्यांत १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. पूर्वी हे नकाशे मिळवणे म्हणजे कचेरीच्या पायऱ्या झिजवणे होते. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सामान्य नागरिकांसाठी वेगळी मालिका आली आणि २०१७ पासून ते संकेतस्थळावरून उतरवून घेता येऊ लागले.

आता प्रवरा. जिल्ह्यात होडीवाल्याने आणि गळवाल्याने समजून घ्यावी अशी एकच नदी निवडायची तर मी हीच निवडेन, कारण बाकीच्या नद्यांत जे काही घडते ते सगळे हिच्यात एकामागून एक सापडते.

रतनगडाच्या कुशीत, अमृतेश्वराच्या देवळाजवळ, ती उगम पावते आणि पाण्याला वेग येतो न येतो तोच भंडारदऱ्याच्या जलाशयात शिरते. हे धरण बांधायला १९१० मध्ये सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन, म्हणून विल्सन डॅम. ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातली सर्वांत उंच मानली जात होती. साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीत ११ टीएमसी. शेंडीहून रतनवाडीला पाण्यावरून जाण्याची सोय गडावर जाणाऱ्यांना ठाऊक आहे. होडीसाठी जिल्ह्यातले सर्वांत देखणे पाणी हेच, पण नकाशाच्या दृष्टीने अवघड. काठ जागोजागी खडे आहेत, त्यामुळे उतरायच्या जागा मोजक्या, आणि पाणी खाली गेले की त्या जागाही बदलतात. ऑक्टोबरमध्ये टिपलेली उतरणीची जागा मार्चमध्ये चिखलाच्या उंच उतारावर लटकलेली आढळते. म्हणून अशा प्रत्येक खुणेशेजारी त्या दिवशीची धरणाची पातळी लिहून ठेवावी. ती नसेल तर खूण निरुपयोगी आहे. शिवाय या जलाशयाच्या आसपासचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तिथे गळ टाकण्याआधी वनखात्याचा नियम विचारून घ्यावा, नंतर नव्हे.

धरणाखाली काही किलोमीटरवर रंधा धबधबा. इथे नदी होडीवाल्याच्या हिशोबातून साफ बाहेर पडते. खाली कोदणीचे वीजघर, मग निळवंडे धरण, ८.३२ टीएमसीचे. निळवंड्यापासून अकोल्याकडे आणि पुढे संगमनेरपर्यंत नदी पुन्हा नदीसारखी दिसते. वाटेत आढळा मिळते, संगमनेरला म्हाळुंगी मिळते, आणि ओझरच्या बंधाऱ्यावर डावा आणि उजवा असे दोन कालवे तिचे पाणी वाटून घेतात. भंडारदरा-निळवंड्याचे आवर्तन सुटते ते नदीच्या पात्रातून ओझरपर्यंत येते. म्हणजे ओझरच्या वरची प्रवरा ही एका अर्थी कालव्याचाच पहिला भाग आहे, आणि ओझरच्या खालची तिची उरलेली सावली.

इथे बेसाल्टचे थोडे बोलायला हवे. दख्खनचा हा पठारी दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या एकावर एक थरांनी तयार झाला. थर आडवे, म्हणून नदी सारख्या उताराने वाहत नाही. लांब सपाट डोह, मग अचानक पायरी, पुन्हा डोह. शिवाय संगमनेरच्या परिसरात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, भूशास्त्रज्ञ ज्यांना डाइक म्हणतात त्या, बऱ्याच आहेत. अशी भिंत पात्राला आडवी आली की तिच्या वर पाणी तुंबते आणि खाली खळखळाट होतो. उपग्रहचित्रात ती पात्राला छेदणारी बारीक गडद रेघ दिसते. बंधाऱ्याची रेघ मात्र फिकट आणि सरळ असते, तिच्या एका टोकाला रस्ता पोचलेला असतो. ही दोन चित्रे वेगळी ओळखता आली की घरबसल्या निम्मे काम होते. कुकडीवर निघोजचे रांजणखळगे पाहिलेत तर पाण्याने आणि त्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी हा दगड किती खोल कोरला जातो हे कळते. ती जागा बघायची आहे, पाण्यात उतरायची नाही.

उतार मोजायची रीत सोपी आहे. नकाशावर २० मीटरच्या अंतराने समोच्च रेषा असतात. नदीला छेदणाऱ्या लागोपाठच्या दोन रेषा शोधाव्या आणि नदीच्या वळणांवर दोरा ठेवून त्यांच्यातले अंतर मोजावे. दोरा ४ सेंटिमीटर भरला तर २ किलोमीटरमध्ये २० मीटर, म्हणजे किलोमीटरला १० मीटर उतार. अशा पाण्यात नवख्याने जाऊ नये. दोरा ४० सेंटिमीटर भरला तर किलोमीटरला १ मीटर, आणि ती संथ नदी. पण सरासरी फसवते. २० मीटरचा तो उतार सगळाच एका रंध्यात असू शकतो. म्हणून नकाशात जिथे धबधबा किंवा खळाळ लिहिलेला आहे, जिथे दोन रेषा एकमेकींना चिकटल्या आहेत, तिथे चालत जाऊन बघण्याला पर्याय नाही. त्याच नकाशात काठाजवळ एखादा आकडा आणि त्यापुढे बारीक इंग्रजी ‘आर’ असे चिन्ह असते, ते काठाच्या दरडीची उंची मीटरमध्ये सांगते. राहात्यापासून नेवाशापर्यंत प्रवरेने गाळाच्या जाड थरात आपले पात्र खोल कापले आहे. काठाला उभ्या दरडी आणि घळी आहेत. होडीतून बाहेर पडायचे ठरवले तरी चढता येत नाही, अशी गत होते. तो आकडा वाचणाऱ्याला हे घरीच कळते.

बंधाऱ्यांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवे, कारण जिल्ह्यात पाण्यावरची खरी भीती तीच आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, लोकांच्या तोंडी केटी वेअर. दगडी खांबांची रांग आणि खांबांमधल्या खाचांत बसवायच्या फळ्या. पावसाळ्याआधी फळ्या काढतात, परतीचा पाऊस ओसरला की पुन्हा टाकतात. त्यामुळे एकच बंधारा वर्षात दोन वेगळ्या वस्तू असतो. फळ्या असताना तो तळे करतो आणि भिंतीवरून पाणी सांडते. वरून येणाऱ्या होडीला तो दिसतच नाही, पुढे पाणी एका सरळ रेघेत संपल्यासारखे वाटते एवढेच. सांडणारे पाणी पायथ्याशी खोल जाते आणि पृष्ठभागावर उलट भिंतीकडे फिरते. त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू, लाकूड असो की माणूस, पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. पोहता येणे तिथे फारसे कामाला येत नाही. पाण्याची उंची माणसाच्या छातीएवढी असली तरी फेरा जीव घेऊ शकतो, आणि लोकांना हे पटत नाही, कारण बंधारा दिसायला मोठ्या धबधब्यापेक्षा कितीतरी साळसूद असतो. फळ्या काढलेल्या असताना धोका दुसरा. खांबांमधून पाणी जोराने निघते आणि पुरात वाहून आलेल्या बाभळी त्या फटींत अडकून बसतात. पाणी पलीकडे जाते, होडी अडते.

२०२४च्या मे महिन्यात अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुकला प्रवरेत दोन तरुण बुडाले. त्यांना शोधायला आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट दुसऱ्या दिवशी, २३ मे रोजी, भोवऱ्यात उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती माणसे प्रशिक्षित होती, पाण्याचे काम हाच त्यांचा व्यवसाय होता. सहलीच्या नकाशावर भोवऱ्याची आणि बंधाऱ्याची खूण किती ठळक असावी याबद्दल कोणाला शंका असेल तर ही घटना लक्षात ठेवावी.

प्रत्येक बंधाऱ्यासाठी नकाशावर चार गोष्टी हव्यात. वरच्या अंगाला सुरक्षित अंतरावर होडी काठाला लावायची जागा. खांद्यावरून नेण्याची वाट आणि ती कोणाच्या शेतातून जाते. खाली पुन्हा पाण्यात उतरायची जागा, फेऱ्याच्या बरीच पुढे. आणि आपण गेलो त्या दिवशी फळ्या होत्या की नव्हत्या. प्रवरेवर काय, मुळेवर काय, दोन बंधाऱ्यांमधले अंतर अनेकदा इतके थोडे असते की वल्ही मारण्यापेक्षा होडी वाहण्यातच दिवस जातो. नदीवरून सलग लांब प्रवास करण्याचे स्वप्न इथे सोडून दिलेले बरे. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते तेही वीजघरातून रोज सुटणाऱ्या पाण्याच्या जोरावर आणि त्या वेळेच्या हिशोबानेच. आपल्याकडे तसा रोजचा हिशोब नाही, आवर्तनाचा आहे, आणि आवर्तन सहलीसाठी सुटत नाही.

ते कधी सुटणार हे वर्तमानपत्रात येते, जलसंपदा खात्याच्या शाखा कार्यालयात कळते, आणि सगळ्यांच्या आधी पाटकऱ्याला ठाऊक असते. आकडे क्युसेकमध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८ लिटर. ११,५७४ क्युसेकने पूर्ण एक दिवस पाणी सोडले की १ टीएमसी होते. आपल्या टापूत अमुक क्युसेकला पाणी कुठवर चढते याची नोंद दोन-तीन आवर्तनांत ठेवली की पुढच्या वेळी बातमी वाचूनच नदीचे रूप डोळ्यांसमोर आणता येते. पाणी पोचायला लागणारा वेळही तसाच टिपायचा. प्रवाह सेकंदाला १ मीटर धावत असेल तर ३६ किलोमीटर जायला १० तास. पण वाटेतले बंधारे रिकामे असतील तर ते भरल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. म्हणून पहिल्या आवर्तनाची वेळ आणि दुसऱ्याची वेळ जुळत नाही.

या आवर्तनांखेरीज आणखी एक पाणी सुटते, ज्यावर जिल्ह्याचे राजकारण तापते. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार जायकवाडीत साठा कमी असेल तर वरच्या धरणांनी पावसाळ्यानंतर पाणी सोडायचे. २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस असा सुमारे ८.६ टीएमसीचा आदेश निघाला, त्यात निळवंडे-भंडारदरा आणि मुळा दोन्ही होते. अशा वेळी काठावर बंदोबस्त असतो, मोटारींची वीज तोडतात, बंधाऱ्यांवर पहारा बसतो. नदी होडीसाठी उत्तम भरलेली असते आणि नेमके तेव्हा तिथे होडी घेऊन गेलात तर लोक तुमच्याकडे कोणत्या नजरेने बघतील याचा अंदाज करावा. मी तरी ते दिवस टाळा असेच सांगेन.

मुळा नदीची गोष्ट थोडक्यात आटोपते. हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघून ती राहुरीजवळ बारागाव नांदूरला मुळा धरणात अडते. २६ टीएमसीचा हा ज्ञानेश्वर सागर म्हणजे जिल्ह्याच्या मधोमध असलेले मोठे, उघडे, वाऱ्याचे पाणी. धरणाखाली तिच्यात सांगण्यासारखे फार उरत नाही. नेवाशाजवळ ती प्रवरेला मिळते.

नेवासा ओलांडून प्रवरा टोक्याला गोदावरीत शिरते, पण हा संगम आता नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, फुगवट्यात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरच्या पुलावरून जाताना जे अफाट पाणी दिसते ते हेच. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. एकूण साठवण १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृतसाठा. पूर्ण पातळी १,५२२ फूट. लांबी सुमारे ५५ किलोमीटर. एवढ्या लांब पाण्यावर वाऱ्याला धावायला जागा मिळते आणि लाटा उठतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारनंतर लहान होडीला पेलवत नाही. मे महिन्यात वळवाचे वादळ तर अर्ध्या तासात येते. २१ मे २०२४ रोजी, म्हणजे सुगावच्या त्याच आठवड्यात, उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले. उजनीचे पाणी कर्जत तालुक्यात सिद्धटेकच्या बाजूलाही येते, तेव्हा ही गोष्ट परक्या जिल्ह्याची समजू नये. जलाशयाच्या नकाशावर वाऱ्याच्या आडोशाचे काठ वेगळ्या रंगात दाखवावेत. पश्चिमेच्या वाऱ्यात पश्चिम काठाला धरून राहावे. मधोमध पाणी कापून जाण्याचा मोह नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सकाळींपुरता ठेवावा.

नदीचा नकाशा चालून होतो, जलाशयाच्या तळाचा कसा करायचा? उंचीची जी आकडेवारी आज फुकट मिळते तिचा मोठा भाग २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने घेतलेल्या मोजणीतून आला आहे. रडार पाण्यात शिरत नाही. त्यामुळे त्या आकडेवारीत नाथसागर म्हणजे एक सपाट पत्रा आहे, त्या महिन्यात पाणी जिथे होते त्या उंचीवर. तळ हवा असेल तर दोन मार्ग. एक म्हणजे धरणाआधीचे जुने तक्ते. त्यांत बुडालेल्या गोदावरीचे मूळ पात्र, गावठाणे, विहिरी आणि रस्ते सगळे जागच्या जागी आहे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात दुष्काळ कामाला येतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे साधारण दर पाच दिवसांनी मिळतात, १० मीटरच्या बारकाव्याची आणि विनामूल्य. जलसंपदा खाते धरणांच्या पातळ्या रोज जाहीर करते. ज्या दिवशी पाणी १,५१० फुटांवर आहे त्या दिवसाच्या चित्रातला काठ ही १,५१० फुटांची समोच्च रेषा झाली. महिन्याने पाणी आणखी उतरले की पुढची रेषा. दिवाळीपासून जूनपर्यंत अशा रेषा एकमेकींच्या आत काढत गेले की तळाचा उतार आपोआप उमटतो. २०१६ आणि २०१९च्या उन्हाळ्यांत जायकवाडी मृतसाठ्याला टेकले होते, म्हणजे त्या वर्षांची चित्रे फार खोलवर नेतात. उरलेल्या भागासाठी दोरी आणि ओळंबा, किंवा परवडत असेल तर मासे शोधायचे सोनार यंत्र.

उन्हाळ्यात तो तळ उघडा पडतो तेव्हा तिथे शेती होते, गाळपेर. लोक कलिंगड, काकडी, चारा घेतात. त्या वेळी जाऊन पाय मोकळे करून यावे. बुडालेली बाभळीची बने, पडक्या विहिरींचे कठडे, जुन्या बांधांचे दगड, ओढ्याची खोल घळ, सगळे डोळ्यांना दिसते, आणि थंडीत मासे नेमके अशाच जागी असतात. मरळ उथळ पाण्यातल्या गवताला आणि झुडपांना धरून राहतो. वाम दगडांच्या बेचक्यात. कटला मोकळ्या खोल पाण्याच्या वरच्या थरात, मृगळ तळाशी. चिलापी कुठेही, आणि तिची संख्या बघता ती बाहेरून आलेली आहे हे आता कोणाला आठवतही नाही. त्याच फेरीत मोटारींच्या केबली आणि पाइप कुठून पाण्यात उतरतात ते टिपावे. काठाची शेती त्यांच्यावर चालते, पाणी उतरेल तशा त्या पुढे सरकतात आणि अंधारात वल्ह्याला विजेची तार लागणे हा गमतीचा प्रकार नव्हे.

माशांची जागा लिहून ठेवण्याचे काम या भागात फार जुने आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. हा गृहस्थ नदीकाठी मासे मागवी, मोजी, त्यांची चित्रे काढवून घेई, आणि कोणता मासा कोणत्या नदीवर कोणत्या गावी मिळाला ते लिही. त्यांचा ‘मुसल्लाह’ नावाचा मासा घोडनदीवरच्या शिरूरचा, म्हणजे नगर जिल्ह्याच्या अगदी शिवेवरचा. दख्खनी महसीर पुण्याच्या मुळा-मुठेतला. त्या नोंदीत जागा आहे म्हणून आज तिथे जाऊन तो मासा उरला आहे का हे विचारता येते. नुसते ‘मोठा मासा मिळाला’ असे लिहून ठेवले असते तर ती नोंद बढाईपलीकडे गेली नसती. तुमच्या वहीतही मासा, जागा, तारीख, पाण्याची खोली आणि गढूळपणा एवढे असावे. १८८४चे नगरचे गॅझेटियरही काढून वाचा. धरणांच्या आधी या नद्या कशा वाहत होत्या ते त्यात आहे.

खोली विचारताना मीटर विचारू नका. भोई, कहार, कोळी माणसे गुडघा, कंबर, छाती, मग एक परस, दोन परस अशी सांगतात आणि ती फारशी चुकत नाहीत. डोहांना नावे असतात. नाव विचारले की त्याच्यामागे कोण कधी बुडाले तेही कळते, आणि धोक्याच्या खुणांसाठी याहून भरवशाची माहिती मिळायची नाही. मात्र वाळूच्या पात्रातला जुना डोह आज त्याच जागी असेलच असे नाही. वाळूउपशाने गोदावरी, प्रवरा आणि मुळेच्या पात्रात असे खड्डे पडले आहेत की कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता पुढचे पाऊल दोन परस खोल जाते. खडकातला डोह टिकतो, वाळूतला पुराबरोबर आणि ट्रॅक्टरबरोबर फिरतो. नकाशात या दोहोंना एकच खूण देऊ नये.

प्रवाहाचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. काठावर ५० मीटर मोजून दोन खुणा कराव्यात, वरून संत्रे सोडावे आणि घड्याळ लावावे. संत्रे बहुतांश पाण्यात बुडून तरंगते म्हणून वारा त्याला फार ढकलत नाही. ५० सेकंद लागले तर सेकंदाला १ मीटर. पृष्ठभागाचा वेग सगळ्या पाण्याच्या सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून विसर्गाच्या हिशोबासाठी त्याला ०.८५ ने गुणतात. एवढ्या वेगाविरुद्ध वल्ही मारत माघारी येता येईल असे ज्याला वाटते त्याने आधी काठाजवळच्या पाण्यात पाच मिनिटे प्रयत्न करून बघावा.

राहिला प्रश्न हा नकाशा कोणाला दाखवायचा. बंधारे, भोवरे, केबली, वाळूचे खड्डे, उतरायच्या आणि चढायच्या जागा हे सगळे ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशावर टाकावे, तारीख आणि पातळीसह. माशांच्या जागांचे तसे नाही. जलाशयात मच्छीमार सहकारी संस्थांचे ठेके असतात. त्यांनी बोटुकली विकत आणून सोडलेली असते, राखण केलेली असते, आणि तुमच्या गळाला लागलेला कटला बहुधा त्यांच्या पैशांचा असतो. आधी संस्थेला विचारावे, पावती असेल तर फाडावी. पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांच्या वाटा तर कोणत्याच नकाशावर नकोत. चढणीचे मासे धरायला काठ्या आणि फेकजाळी घेऊन गाव लोटते, त्यात शहरातल्या गाड्यांची भर कशाला? जायकवाडीचे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा हिवाळ्यात रोहित उतरतात त्या उथळ जागांभोवतीही लांबचे वळण आखावे आणि ते मात्र सगळ्यांना दिसेल असे ठेवावे.